रांगेचा हिशेब मागणाऱ्यांचा जाहीरनामा

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. सुरतेच्या या भागांत राहणारी आम्ही माणसं. बहुतेकांची गावं धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांत. कुणाचे वडील, कुणाचे आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीने इकडे आले आणि लूमच्या खात्यात, डाइंगच्या मिलमध्ये, रिंग रोडच्या मार्केटात कामाला लागले. आज आमच्यात लूमवरचे कारीगर आहेत, घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावणाऱ्या बाया आहेत, नर्स आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, औषधाच्या खिडकीमागे बसणारे आहेत आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक-दोन मास्तरही आहेत. आम्ही एक चळवळ सुरू करतो आहोत. तिला अजून नाव नाही. नावावरून भांडायला पुढे भरपूर वेळ मिळेल.

आमचं म्हणणं एका कागदापासून सुरू होतं. केसपेपरवर तारीख असते, वेळ नसते. माणूस दारात किती वाजता आला, डॉक्टरांनी त्याला किती वाजता पाहिलं, रक्त कधी घेतलं, औषध हातात कधी पडलं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. महिनाअखेरीला वर जाणाऱ्या तक्त्यात किती रुग्ण तपासले, किती मुलांना लस टोचली, किती बाळंतपणं झाली हे सगळं येतं. ताटकळण्याचा रकाना कुठेच नाही. लूमची पाळी बारा तासांची. सकाळची ओपीडी गाठायची तर दिवसपाळीवाल्याचा रोज बुडतो आणि रातपाळीवाल्याची झोप. लेस लावणाऱ्या बाईचा हिशेब तर नगावर असतो. ती बाकावर बसली की तिची कमाईही बसली. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नाही, म्हणून सरकारी उपचार फुकट आहेत असं सगळ्यांना वाटतं. ज्याला तो परवडत नाही तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन टोचून घेतो आणि संध्याकाळी पुन्हा पाळीवर उभा राहतो.

आमची पहिली मागणी म्हणूनच फार स्वस्त आहे. केसपेपरवर वेळ लिहा. चार ठिकाणी, चार वेळा.

यामागे एक शास्त्र आहे. त्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात आणि ते युद्धात वाढलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या नौदलासाठी पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने जुने आकडे तपासले आणि दाखवून दिलं की मालवाहू जहाजांचे तांडे लहान ठेवण्यापेक्षा मोठे केले, तर त्याच संरक्षक नौकांच्या भरवशावर कमी जहाजं बुडतात. एकही नवी नौका न बांधता. हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात सल्लागार म्हणून येत राहिले, आणि १९५७ मध्ये या शास्त्राची भारतीय संस्थाही स्थापन झाली. दवाखान्यात ते त्याआधीच शिरलं होतं. नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या बाह्यरुग्ण विभागांच्या रांगांचं गणित मांडलं. डॉक्टरांचं एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून सगळ्या रुग्णांना सकाळी एकदम बोलावून बसवायची तिथे रीत होती. बेलींनी सांगितलं, सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढच्यांना सरासरी तपासणीला जितकी मिनिटं लागतात तितक्या अंतराने. डॉक्टरांचा वेळ फारसा वाया जात नाही आणि लोकांचे तास वाचतात. सत्तरहून अधिक वर्षं झाली त्याला. आपल्याकडे अजून दार उघडण्याच्या आधी रांग लागते, आणि ती लागली नाही तर दवाखाना चालत नाही असं समजलं जातं.

हे शास्त्र सुरतेला परकं नाही, आणि आम्ही इथूनच बोलण्याचं कारणही तेच आहे. सप्टेंबर १९९४. तापीच्या पुराचं पाणी ओसरलं होतं, कचरा आणि मेलेली जनावरं रस्त्यात कुजत होती आणि प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. खानदेशच्या गाड्यांना लटकून गेलेली आमचीही होती. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद करून शहर सोडलं. प्लेगने देशभरात जे दगावले त्यांचा अधिकृत आकडा साठच्या आतला आहे. भीतीने जे उद्ध्वस्त झालं त्याचा आकडा कुणी काढला नाही.

मग मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्या काळाचं कौतुक बहुधा झाडूच्या संदर्भात होतं, आणि ते अर्धवट आहे. महापालिका तीच होती, कर्मचारी बहुतांशी तेच होते. बदलली ती मांडणी. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे असे अधिकार दिले की फाइल मुख्यालयात पाठवायची गरजच पडू नये. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर फिरायचं आणि दुपारी एकत्र बसून पाहिलेलं मांडायचं, असा रोजचा क्रम लावला. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, म्हणून ‘एसी टू डीसी’ हे शब्द तेव्हा गाजले. आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं काम मात्र वेगळं होतं: दवाखान्यांतून, खासगी डॉक्टरांकडूनही, आजारांचे आकडे रोज गोळा होऊ लागले आणि कुठल्या भागात काय वाढतंय ते त्याच दिवशी दिसू लागलं. १९९६ मध्ये इंटॅकने सुरतेला चंडीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. दोन वर्षांपूर्वी ज्या शहराचं नाव ऐकून लोक नाकाला रुमाल लावत होते, ते हे.

त्या दिवसांत अतिक्रमणांवर बुलडोझरही फिरले. ते आम्ही विसरलेलो नाही, आणि एका कर्तबगार आयुक्ताची वाट पाहत बसणं हा कार्यक्रम होऊ शकत नाही असं आमचं मत आहे. अधिकारी बदलून जातो. रांगेत उभा राहणारा तिथेच असतो. मोजणी त्याच्या हातात असली तर ती बदलीबरोबर जाणार नाही.

आता गणिताकडे. यातला मूळ प्रश्न आमच्या कारीगरांना शाळेत न जाताही ठाऊक आहे. एक माणूस आठ साचे सांभाळतो. एका साच्यावर धागा तुटला की तो तिकडे वाकतो, आणि तेवढ्यात दुसरा बंद पडला तर त्याने हात रिकामा होईपर्यंत उभं राहायचं. शेठने साचे आठाचे बारा केले की उत्पादन दीडपट होत नाही, कारण बंद साचे एकमेकांच्या मागे रांग लावतात. स्वीडनच्या कॉनी पाम यांनी १९४७ मध्ये नेमकं हेच गणित सोडवलं: एका कामगाराकडे किती स्वयंचलित यंत्रं द्यावीत. नर्स आणि खाटा, डॉक्टर आणि रुग्ण, ॲम्ब्युलन्स आणि फोन, सगळीकडे तेच गणित लागतं. खाटेवर मात्र बंद पडलेला साचा नसतो.

समजा एका रुग्णाला डॉक्टरांची सरासरी पाच मिनिटं लागतात. रुग्ण केव्हाही येतात. कुणाचं दोन मिनिटांत आटोपतं, कुणाला पंधरा लागतात. डॉक्टरांचा ८० टक्के वेळ कामात जात असेल तर माणसाला रांगेत सरासरी २० मिनिटं काढावी लागतात. ९० टक्के झाला की ४५ मिनिटं. ९५ टक्के झाला की ९५ मिनिटं. शंभर टक्के झाला की रांग संपतच नाही, नुसती वाढत जाते. खऱ्या ओपीडीत सकाळचा लोंढा वेगळा असतो, त्यामुळे नेमके आकडे वेगळे येतील, पण चढण अशीच. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत रांग फुटते.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी आम्हाला ठासून सांगायच्या आहेत. डॉक्टर किंवा नर्स दिवसातला काही वेळ रिकामी दिसली तर तिच्याकडे बोट दाखवू नका. तेवढा मोकळा वेळ असतो म्हणून तर अचानक आलेला अपघात किंवा अडलेली बाई सांभाळली जाते. आणि हे शास्त्र काटकसरीचं हत्यार नाही. ‘आहे त्यात भागवा, गणिताने सगळं सुटेल,’ असं सांगत कुणी नेमणुका रोखून धरणार असेल तर त्याच गणिताने आम्ही त्याला गाठू. एक डॉक्टर वाढवल्यावर ९५ मिनिटांची रांग काही मिनिटांवर येते, हे कागदावर दाखवता येतं. मोर्च्यात ‘डॉक्टर वाढवा’ अशी घोषणा देणं आणि कोणत्या केंद्रात, कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत डॉक्टर वाढवा हे लिहून देणं, यांत फरक आहे. पहिलीकडे दुर्लक्ष करणं सोपं जातं.

आणि बऱ्याचदा डॉक्टर कमी नसतातच. गाठ दुसरीकडे असते. औषधाच्या दोन खिडक्या, दोन रांगा, आणि आपण उभे राहिलो ती हमखास हळू चालते. दोन्ही खिडक्यांसाठी एकच रांग लावली की एका पैशाचाही खर्च न करता सरासरी वेळ उतरतो आणि भांडणंही कमी होतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात शल्यविशारद दोन टेबलांच्या मधे काम करतो. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना पलीकडे दुसऱ्याची तयारी होते. १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामींनी ११ खाटांवर सुरू केलेलं ते काम आज कुठे पोहोचलं ते सर्वांना माहीत आहे. तमिळनाडूने १९९५ पासून औषधखरेदी एका महामंडळाकडे देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभारली आणि प्रत्येक दवाखान्याला त्याच्या वाट्याच्या रकमेचं पासबुक दिलं. जिथे जे लागतं ते तिथल्यांनी मागायचं. आमच्याकडे पावसाळा आला की दक्षिण गुजरातच्या भात आणि उसाच्या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, दरवर्षी, त्याच महिन्यांत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या पाण्याने हे शहर बुडालं तेव्हाही पावसाळाच होता. जे पाहुणे ठरलेल्या महिन्यात येतात त्यांच्यासाठी डॉक्सीसायक्लिनची मागणी उन्हाळ्यातच जायला हवी, खाटांचाही हिशेब उन्हाळ्यातच.

क्षयाचं प्रकरण याहून अवघड आहे आणि ते आमचं स्वतःचं आहे. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी केलेला अभ्यास १९६३ मध्ये आला. तोवर समज असा की खेड्यातले अडाणी लोक दवाखान्यात येत नाहीत, त्यांना शिकवायला हवं. अभ्यासात निघालं की थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते आणि तिथून खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. लोक आले होते. दवाखान्याने त्यांना ओळखलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा अशी आमची इच्छा आहे, कारण ‘आपले लोकच तसे’ हे वाक्य आमच्या वस्तीतही फार सहज म्हटलं जातं.

सुरतेतल्या क्षयरुग्णाचं काय होतं? साधा कोर्स सहा महिन्यांचा. त्यात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया येते, कानबाईचा सण येतो, लग्नसराई येते, लूमचं काम मंदावतं, आणि माणूस गावी जातो. गाव दुसऱ्या राज्यात. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्णाची बदली करता येते, पण ती करून घ्यायची असते हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि इथल्या माणसाला तो गेल्याचं तेव्हा कळतं जेव्हा डोस चुकलेला असतो. नवापूरच्या स्टेशनावर राज्याची सीमा फलाटातून जाते. अर्धं बाकडं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, लोक गंमत म्हणून फोटो काढतात. २००६ च्या फेब्रुवारीत त्याच नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पलीकडच्या गुजरातेतल्या उच्छलमध्येही कोंबड्या माराव्या लागल्या. कोंबडीच्या आजाराला सीमा नसते हे दोन्ही सरकारांना तेव्हा लगेच पटलं. आमची मागणी तेवढीच आहे, माणसांसाठी. आखाजीची तारीख वर्षभर आधी पंचांगात असते. त्याच्या दोन आठवडे आधी सुरतेच्या प्रत्येक केंद्राने आपल्या क्षयरुग्णांना, गरोदर बायांना आणि लसीकरणातल्या मुलांच्या आयांना विचारावं: गावी जाणार का, कुठे, किती दिवस? जाणाऱ्याच्या हातात तितक्या दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, ममता कार्डावर गावच्या केंद्राचं नाव लिहावं, आणि तिकडच्या केंद्राला आधी कळवावं. उलट दिशेनेही तसंच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीचा माग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे लागला पाहिजे.

मोजणीची एक काळी बाजू आम्हा मराठी माणसांना विशेष ठाऊक असायला हवी. १८९७ चा पुण्याचा प्लेग. घराघरांत सैनिक शिरले, तपासणी केली, रोग्यांना उचलून नेलं. तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले, मयत लपवू लागले, आणि मोजायला निघालेल्या सरकारला काहीच नीट मोजता येईना. जूनमध्ये प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी रुग्णांची सेवा करताना लागण होऊन प्राण सोडला. लोकांनी त्यांच्यापासून काही लपवलं असेल असं वाटत नाही. शंभर वर्षांनी गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली. ३९ गावांत बालमृत्यूंचं प्रमाण इतकं उतरलं की १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं, नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मोजणारी बाई गावचीच होती, आणि बाळ जगावं म्हणून ती मोजत होती.

यावरून आम्ही स्वतःला काही बंधनं घालून घेत आहोत. आमच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, जात, गाव, आजार यातलं काही नसेल, फक्त वेळा. नर्सचं किंवा डॉक्टरांचं नावही नसेल. आकडे घेऊन कुणा एकावर धावून जाणाऱ्याला चळवळीत जागा नाही, कारण सकाळी एकटीने दीडशे माणसं हाताळणारी नर्स आमच्या बाजूची आहे. जे सापडेल ते त्या केंद्राच्याच भिंतीवर लावलं जाईल: गुजरातीत, मराठीत, हिंदीत आणि उडियात, कारण ही रांग फक्त खानदेशी नाही, ओडिशातल्या गंजामहून आलेले उडिया कारीगरही तिच्यात उभे असतात. पालिका मराठी आणि उडिया शाळा चालवते, तर दवाखान्यातली पाटी त्या भाषांत लावायला तिला जड जाऊ नये. केंद्राच्या डॉक्टरांना आकडे भिंतीवर जाण्याआधी दाखवले जातील. त्यांनी कारण सांगितलं तर तेही शेजारी लिहिलं जाईल.

शेवटचं बंधन सर्वांत कठीण आहे. बदल सुचवला की आधी आणि नंतर मोजायचं, आणि फायदा झाला नाही तर तसंही भिंतीवर लिहायचं. गुजरातने २००५ च्या अखेरीला चिरंजीवी योजना आणली. गरीब बायांची बाळंतपणं खासगी डॉक्टरांकडे मोफत व्हावीत म्हणून सरकार पैसे भरणार होतं. योजनेचं देशभर कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला मात्र दवाखान्यातली बाळंतपणं तिच्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. हेतू चांगला होता. मोजणी सुरुवातीपासून असती तर आठ वर्षं थांबावं लागलं नसतं. आमच्या सूचनाही तशाच फसू शकतात.

पहिलं काम छोटं आहे. परवानगी मिळालेल्या एका केंद्रात, एका आठवड्याच्या सकाळी, दारात एक जण येणाऱ्याला चिठ्ठी देईल आणि वेळ टाकेल. डॉक्टरांच्या खोलीबाहेर दुसरा, लॅबजवळ तिसरा, औषधाच्या खिडकीपाशी चौथा. जाताना चिठ्ठी परत घ्यायची. ज्यांना परवानगीचीही वाट पाहायची नाही त्यांनी रांगेत बसल्या बसल्या एवढं करावं: दर तासाला हॉलमधली डोकी मोजावी आणि त्या तासात किती नवे आले ते लिहावं. समजा तासाला ४० येतात आणि हॉलमध्ये कायम ९० असतात, तर माणूस सरासरी सव्वादोन तास तिथे अडकतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाला एवढे दोन आकडे पुरतात. आमची मुलं आठवीच्या भागाकारात ते करतील, आणि त्यांनी ते करावंही.

चळवळीत येण्यासाठी वर्गणी नाही, शिक्षणाची अट नाही. रातपाळीवाल्यांनी सकाळी यायचं नाही, त्यांनी झोपायचं. त्यांच्यासाठी संध्याकाळी आकड्यांची बेरीज करण्याचं काम आहे. येणाऱ्याने घड्याळ आणावं. मोबाइल चालेल, पण ओपीडीत फोटो काढायचा नाही, आणि कुणी आपलं दुखणं सांगू लागलं तर ऐकून घ्यायचं, लिहायचं नाही.